धनराज महाजनची भिंत

धनराज महाजनबद्दल चांगलं बोलायची वेळ आली की मी अजून विषय बदलतो. माणूस थोडा तरी वाईट असता तर किती सोपं झालं असतं. आठ वर्षं आम्ही एका खोलीत, एका पंख्याखाली, दोन कॉम्प्युटरांवर शेजारी शेजारी बसलो, आणि त्याच्यावर जळलो नाही असा एक आठवडा मला आठवत नाही. आता तो दुकानात नाही. त्याच्या खुर्चीवर मीच बसतो, कारण ती खिडकीकडे आहे. तरी जळणं काही थांबलेलं नाही.

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याहून आत वळलं की आमच्या सेठचं फ्लेक्सचं दुकान लागतं. साखरपुडा, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, पुढाऱ्याचं स्वागत, सगळ्याचे बॅनर आमच्याकडे होतात. गिऱ्हाईक मोबाइलवर बोटभर फोटो घेऊन येतं आणि त्याला तो दहा बाय आठ फुटांचा हवा असतो. बारकं मोठं करायचं, एवढाच आमचा धंदा. मी इंदूरला वर्षभराचा कोर्स करून आलेलो, भिंतीवर माझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. महाजन बहादरपुरचा, घरी केळीची शेती, आधी स्क्रीन प्रिंटिंग करायचा आणि तिशी उलटल्यावर माऊस धरायला शिकलेला. आणि गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "धनाभाऊ हायेत का?" मी समोर बसलेलो असायचो. नसतील तर आम्ही संध्याकाळी येतो, असं सांगून ते निघून जायचं.

सेठला एकदा मी तोंडावर विचारलं की माझ्यात काय कमी आहे. सेठ पान लावत होता. म्हणाला, "तू जल्दी करता है, धना बराबर करता है." त्यात माझी स्तुतीही आहे असं मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो.

सगळे त्याला धनाभाऊ म्हणत. मी महाजन म्हणायचो. तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण भाऊ म्हणायला माझी जीभ वळली नाही. त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही. मला तो विलास म्हणायचा आणि माझं पुस्तकी मराठी ऐकून हसायचा. आमचे बाबा अमळनेरकडून कागदाच्या कारखान्यात नोकरीला आलेले, घरी सगळे जरा जपून बोलत. महाजन मात्र निम्मं खान्देशी, निम्मं हिंदी असं खुशाल कालवून बोलायचा आणि समोरच्याला ते गोड लागायचं.

उंच, खांद्यात जरा वाकलेला, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त वेळ. शर्टाच्या खिशात पितळी घडीचं भिंग. मागवाले विणकर कापडातले धागे मोजायला वापरतात ते. स्क्रीनवरचं चित्र सॉफ्टवेअरमध्ये हवं तेवढं मोठं करता येतं, हे त्याला ठाऊक होतं, तरी तो भिंग काढून काचेला लावायचाच. मात्र दुसऱ्या कोणी स्क्रीनला बोट लावलं की त्याचा हात झटकून टाकायचा. एकदा एका नगरसेवकाचाही झटकला होता.

त्याची दुसरी सवय मला जास्त छळायची. डिझाइन झालं की हा उठून दुकानाबाहेर जायचा, रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या गाडीपाशी उभा राहायचा आणि तिथून डोळे बारीक करून आपल्याच स्क्रीनकडे बघायचा. फ्लेक्स रस्त्यावरून बघतात, म्हणून हाही रस्त्यावरून बघणार. मधून रिक्षा जायच्या, बैल जायचे, गिऱ्हाईक खोळंबायचं. हा परत यायचा, एक अक्षर तीळभर सरकवायचा आणि पुन्हा रस्ता ओलांडायचा. मी चिडून काही बोललो की म्हणायचा, "तू बी चाल ना. दुरून पाय एकदा." आठ वर्षांत मी गेलो नाही.

आणि बोलणं एकच, "हाये तेव्हढंच." जेवताना भाजी वाढायला गेलं तरी हेच आणि फोटोबाबतही हेच. फोटोत जेवढं आहे तेवढंच मोठं करायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. आता निघालेली सॉफ्टवेअर उलटी असतात. बारकं चित्र दिलं की ती अंदाजाने उरलेलं भरून काढतात. मला ती फार आवडायची. बटण दाबलं की पाच मिनिटांत चकाचक. महाजन ती वापरायचा, पण रिझल्ट आला की भिंग घेऊन बसायचा, जणू कोणी घरात घुसून सामान हलवून गेलं आहे.

केळीच्या एका घडाची गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. दापोऱ्याहून एक शेतकरी आला. केळीची रोपं विकायचा. त्याला आपल्या बागेतल्या घडाचा फोटो मोठ्या फ्लेक्सवर हवा होता. फोटो मोबाइलचा, संध्याकाळचा, जरा हललेला. महाजन दुसऱ्या कामात होता म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरमधून काढलं. असा घड झाला की पेपरात छापावा. हिरवागार, एकेक केळं वेगळं. शेतकरी खूश होऊन फ्लेक्स घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी गुंडाळी काखेत मारून परत आला. चेहरा पडलेला. त्याच्या घडाला नऊ फण्या होत्या. फ्लेक्सवर दहा निघाल्या. गावातल्या लोकांनी रस्त्यावर उभं राहून मोजल्या होत्या. आमच्याकडे केळी मोजतात ती फण्यांवर, आणि घड किती फण्यांचा हे बागवाल्याला पोरांच्या वयाआधी आठवतं. आता सगळे त्याला खोटारडा म्हणत होते.

मी म्हणालो, फणीने काय फरक पडतो, जास्तच दिसते ना. तो माणूस माझ्याकडे पाठ करून महाजनच्या टेबलापाशी गेला. महाजनने मूळ फोटो उघडला, भिंग लावलं आणि सांगितलं की आठव्या फणीखाली सावली होती, मशीनने तिथे केळी लावली. मग तासभर बसून त्याने ती फणी काढली आणि सावलीच्या जागी सावली ठेवली. नवा घड मी केलेल्यापेक्षा धूसर होता. शेतकऱ्याने नऊ मोजल्या आणि महाजनचे दोन्ही हात धरले. दहाव्या फणीवरून सेठ मला वर्षभर चिडवत होता. महाजनने एकदाही चिडवलं नाही, हेच मला जास्त लागलं.

आता गेमकडे येतो. तो गेम मी आणला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आता कोणी विचारत नाही.

गाडी चालवायचा वीस-बावीस वर्षांपूर्वीचा गेम. तेव्हा गावातल्या प्रत्येक कॉम्प्युटर क्लासमध्ये त्याची सीडी असायची. समुद्रकाठच्या गावातून निघून डोंगरावरच्या गावापर्यंत शर्यत. कंपनीने तो कधीच सोडून दिला, पण जगभरच्या वेड्या लोकांनी सोडला नाही. कोणी त्यात नवी झाडं घातली, कोणी आभाळ, कोणी रस्त्याकडेची घरं. अशा फुकट वाटलेल्या भरतीला मॉड म्हणतात. अडचण अशी की ही चित्रं त्या काळच्या लहान पडद्यांसाठी केलेली, आजच्या मोठ्या स्क्रीनवर चिखलासारखी दिसतात. शिवाय दहा ठिकाणी विखुरलेली, निम्म्या लिंका मेलेल्या, आणि एक मॉड घातला की दुसरा बंद पडतो. माझ्या मनात आलं की ही सगळी गोळा करावीत, मोठी आणि स्पष्ट करावीत, एकमेकांशी भांडणार नाहीत अशी बसवावीत आणि एकच संच बांधून टाकावा. ज्या फोरमवर या गेमचे लोक जमतात तिथे माझं नाव व्हावं. बुऱ्हाणपूरच्या फ्लेक्सवर डिझायनरचं नाव खाली कोपऱ्यात, दुकानाच्या फोन नंबरच्याही खाली येतं, तेही बहुतेक वेळा सेठ काढून टाकतो. मला कुठेतरी वर यायचं होतं.

उन्हाळ्यात दुपारी एक ते तीन सेठ शटर अर्धं ओढायचा. त्या वेळात मी महाजनला गेम दाखवला. माझी चूक.

त्याला गाडी चालवता आली नाही आणि शिकायचंही नव्हतं. शर्यत सुरू झाली की बाकीच्या गाड्या धूळ उडवत जायच्या आणि हा बैलगाडीच्या वेगाने निघायचा. थोडं गेला की कडेला लावून थांबायचा आणि भिंती बघायचा. दारं, खिडक्या, दुकानांच्या पाट्या, गटारावरची फरशी. पडद्यावर वेळ संपल्याची सूचना यायची. हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा आणि पुढच्या घरापाशी थांबायचा. शेवटपर्यंत त्याने एकही शर्यत पुरी केली नाही. पण त्या रस्त्यावरचं कुठलं घर कोणी रंगवलं हे त्याला पाठ झालं होतं.

त्याने एक डायरी केली. खतांच्या दुकानाने दिवाळीला वाटलेली. तिच्यात मॉड करणाऱ्यांची नावं देवनागरीत, उच्चार अंदाजपंचे. पुढे कोणाचं आभाळ, कोणाची झाडं. बोलताना तो त्यांना सोयऱ्यांसारखं म्हणायचा, ब्राझीलच्या बाई, पोलंडवाला, तो डोंगर करणारा. आणि प्रत्येकाला पत्र लिहायचा. मोबाइलवर मराठीत बोलून त्यांच्या भाषेत करून पाठवायचा. सुरुवात तब्येतीच्या चौकशीने, मग इकडे ऊन किती आहे, मग तुमची झाडं मी मोठी करू का, आणि तुमच्याकडे मूळ फोटो असेल तर पाठवाल का. मी हसलो. मी फोरमवर तीन वर्षं होतो, चांगल्या इंग्रजीत लिहायचो, मला कोणी हूं म्हणून उत्तर दिलं नव्हतं. याला उत्तरं येऊ लागली. पोलंडवाल्याने जुन्या हार्ड डिस्कमधून मूळ फोटो शोधून पाठवले. ब्राझीलच्या बाईंनी झाडं तर दिलीच, वर त्यांच्या कुत्र्याचा फोटो. तो फोटो महाजनने कॉम्प्युटरच्या पाठीला चिकटवला, म्हणजे बरोबर माझ्या नजरेसमोर.

ज्याचं उत्तर नाही त्याचं काम तो हातात घेत नसे. पत्र लिहायचा आणि थांबायचा. दोन वर्षांत जवळजवळ सगळ्यांचे होकार आले. अडलं एकाच घरावर, शेवटच्या डोंगरावरच्या गावातलं, पोर्तुगालच्या कोणा माणसाने केलेलं. त्याने आपल्याच घराच्या भिंतींचे फोटो काढून ते घर बनवलं होतं. त्याचं उत्तर येईना. सात महिने झाले. मी म्हणायचो, एका भिंतीसाठी काय अडून बसायचं. महाजन म्हणायचा, "जवाब येऊ दे ना. भिंत कुठी पळून नाही जाऊ राह्यली."

मला भीती भिंत पळायची नव्हती. संच निघाला असता तर तो त्याचा म्हणून निघाला असता. कल्पना माझी, गेम माझा, आणि उद्या ब्राझीलच्या बाई धन्यवाद देणार धनाभाऊला. ते मला बघवलं नसतं.

तो चुलतबहिणीच्या लग्नाला चार दिवस दापोऱ्याला गेला. मी त्याने जमवलेले मूळ मॉड माझ्या कॉम्प्युटरवर घेतले. मेलेल्या लिंकांमधून ते त्याने एकेक करून मिळवले होते, हे मला माहीत होतं. त्याने मोठी केलेली चित्रं मात्र घेतली नाहीत. तेव्हा मी याला त्याचा मान राखणं म्हणालो. खरं म्हणजे मला माझ्या हाताने त्याच्यावर मात करायची होती. सगळं सॉफ्टवेअरमध्ये एका दमात टाकलं. ओरखडे आणि डाग साफ करायचा पर्याय असतो, तोही चालू केला. दोन दुपारी काम झालं. तिसऱ्या दुपारी संच फोरमवर चढवला, वर माझं नाव, आणि खाली एका ओळीत सर्व मूळ कलाकारांचे आभार.

लोक तुटून पडले. इतकी वर्षं कोणी एवढं एकत्र केलं नव्हतं. मी दर दहा मिनिटांनी पान उघडून कौतुक वाचत होतो. चौथ्या दिवशी सगळ्यांसाठी मावा जिलेबी आणली आणि भाच्याचा रिझल्ट चांगला लागला असं सांगितलं. महाजन त्याच दुपारी आला. त्याने जिलेबी खाल्ली, हात पुसले, स्क्रीन लावली. फोरम त्यालाही दिसत होताच. त्याने पान खालपर्यंत सरकवलं. मग म्हणाला, "निंघालं का. बरं झालं." आणि एका वाढदिवसाचा बॅनर करायला घेतला. मी पूर्ण तयारीत होतो. भांडणाची उत्तरं पाठ केलेली होती. ती सगळी माझ्यापाशीच राहिली.

आठवडाभराने पोर्तुगालच्या माणसाचा निरोप आला. माझ्या संचाखाली, सगळ्यांना दिसेल असा. त्याने लिहिलं होतं की भिंत फार स्वच्छ झाली आहे. पण दाराशेजारी त्याच्या मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाला एक, त्या आता दिसत नाहीत. ते घर रस्तारुंदीत गेलं. घराचे फोटो होते त्या कॉम्प्युटरचंही वाटोळं झालं. त्याच्याकडे ती भिंत आता फक्त या गेममध्येच उरली आहे. कधी मुलीची आठवण आली की तो गाडी घेऊन तिथपर्यंत जातो. मुलगी मोठी होऊन दूर देशी राहते. शेवटी त्याने लिहिलं होतं की बुऱ्हाणपूरच्या एका गृहस्थांनी मागे या रेघांबद्दल विचारलं होतं, आपण आजारी असल्याने उत्तर द्यायचं राहून गेलं, हे काम त्यांचंच समजून आपण संच उतरवून घेतला होता.

खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. आठवडाभर माझं कौतुक करणारेच आता विचारत होते की आणखी काय काय पुसलं आहे.

मी महाजनचं जुनं पत्र उघडून बघितलं. ते त्याच्या कॉम्प्युटरवर होतं आणि त्याने कधी पासवर्ड ठेवला नव्हता. त्याने विचारलं होतं, दाराशेजारी सहा रेघा आहेत, वर जाताना दोन रेघांमधलं अंतर कमी कमी होत जातं, त्या काय आहेत ते कळल्याशिवाय मी भिंतीला हात लावत नाही. सात महिने तो या रेघांसाठी थांबला होता. मी त्याला कधी विचारलं नव्हतं की या भिंतीत एवढं काय आहे. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तो काही लपवून ठेवणाऱ्यातला नव्हता.

सॉफ्टवेअरला त्या ओरखडे वाटल्या. मीही बघितल्या असत्या तर मलाही तेच वाटलं असतं. पण मी बघितल्याच नव्हत्या.

मी संच काढून टाकायचं ठरवलं. फोरमवरून नाव काढून टाकावं आणि पुन्हा तिकडे फिरकू नये. महाजनला सांगितलं तर तो नको म्हणाला. मग पुढच्या अकरा दुपारी त्याने ती भिंत केली. मी शेजारी बसून बघत होतो. मूळ चित्रात एकेक रेघ तीन-चार ठिपक्यांची, तीही पुसट. तो भिंग लावून ठिपका बघायचा, मोठ्या चित्रात पेन्सिलीसारखी रेघ ओढायचा, उठून रस्ता ओलांडायचा, परत येऊन पुसायचा. तिसरी रेघ जरा तिरकी होती. त्या वर्षी पोरगी हलली असेल, असं तो म्हणाला आणि ती तिरकीच ठेवली. बाजूला ओल आलेली, पोपडा उडालेला, तेही जसंच्या तसं.

झाल्यावर त्याने पेन ड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. त्यात फक्त भिंत नव्हती. त्याचं दोन वर्षांचं सगळं काम होतं, झाडं, आभाळ, दुकानं, डोंगर, एकेक हाताने तपासलेलं. मी विचारलं हे काय. त्याने सांगितलं, "लोकायनं तुहं उतरवलं हाये. आता मी दुसरं काढलं तं दोन होतीन, मानसं गोंधळतीन. तुह्यातच टाक. काम एकच तं हाये."

त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. मी त्याचं चोरलं होतं, त्याने ओरडायला हवं होतं, सेठकडे जायला हवं होतं, निदान माझ्याशी बोलणं टाकायला हवं होतं. मग मी आयुष्यभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिलो असतो. हा उरलेलंही माझ्या हातात देऊन मोकळा झाला. असं देता येणं ही गोष्ट माझ्यापाशी नाही, आणि ती त्याच्यापाशी का असावी, तीही एवढी सहज, हे मला तेव्हा सहन झालं नाही. आजही होत नाही.

पेन ड्राइव्हमध्ये एक यादीही होती. संचासोबत जोडायची. डायरीतली सगळी नावं, आता नीट, ज्याने त्याने कळवलेल्या स्पेलिंगात. कोणाचं आभाळ, कोणाच्या पाट्या, कोणाची झाडं. पोर्तुगालच्या माणसाच्या नावापुढे घर असं लिहून कंसात मुलीचंही नाव, त्याला विचारून घेतलेलं. सगळ्यात शेवटी एक ओळ होती, "एकत्र करणारे आणि मोठं करणारे," आणि पुढची जागा कोरी. तिथे दोन नावं सहज मावली असती.

मी एक लिहिलं.

तेव्हा मनाशी म्हणालो की त्याला हवं असतं तर त्याने लिहिलं नसतं का. म्हणालो की तो असल्या गोष्टींना किंमत देत नाही. म्हणालो की पुढच्या वेळी टाकू. नवा संच चढवला. पोर्तुगालच्या माणसाने दुसऱ्याच दिवशी लिहिलं की तिसरी रेघ तिरकी आहे हे तो स्वतः विसरून गेला होता, ती बघून रडू आलं, आणि विलास, तुझे आभार कसे मानू. मी उत्तर दिलं, त्यात काय एवढं. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. त्याचं मला सुखही होतं आणि ते वाचताना कान तापतात, दोन्ही खरं आहे.

महाजनने यादी बघितली असणार. ती गेम सुरू होण्याआधीच पडद्यावर येते. पण पुढच्या वर्षभरात त्याने तिचा विषय काढला नाही. दुपारी तो डबा उघडायचा, मला ठेचा द्यायचा, कडेला गाडी लावून भिंती बघायचा. मग त्याच्या भावाची पाठ धरली, शेतावर माणूस हवा झाला आणि तो सेठला सांगून बहादरपुरला गेला. निरोपाला सेठने त्याचंच फ्लेक्स करून लावलं. ते मला करायला लावलं. मी ते घाईत केलं नाही, एवढंच स्वतःच्या बाजूने सांगता येईल.

बहादरपुर काही लांब नाही, मोटारसायकलने थोडा वेळ. मी गेलो नाही. वर्ष गेलं. परवा एका केळी व्यापाऱ्याच्या गोदामावर बोर्ड लावायचा म्हणून माप घ्यायला गेलो तेव्हा तो दिसला. शेडमध्ये ट्रक भरत होता. पाच-सहा जण घड खांद्यावर आणत होते आणि महाजन ट्रकच्या फळीवर उभा राहून एकेक घड बघून आत घेत होता. चष्मा कपाळावर. उन्हाने काळा झालेला, पण हात तसेच स्वच्छ. मी वळून जाणार होतो, तेवढ्यात त्याने बघितलं आणि फळीवरून उतरून आला.

सेठ कसा आहे, मशीन कुठलं घेतलं, आई बरी आहे का, त्याने सगळं विचारलं. मी सांगत गेलो. ती ओळ माझ्या जिभेवर आली होती. मी आजच घरी जाऊन यादीत तुझं नाव टाकतो, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. मी बोर्डाच्या मापाबद्दल बोललो.

मग त्याने मला खांद्याला धरून शेडच्या आत नेलं. घड उतरवून पाणी पीत बसलेल्या माणसांना म्हणाला, "हा विलास. माहा दोस्त. मी तुमाले मोबाइलवर दाखवला व्हता ना तो गेम, पोर्तुगालची भिंत? तो यानं केला."

एक म्हातारा घाम पुसत उठला आणि त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, त्या पोरीच्या रेघा लय चांगल्या काढल्या तुम्ही. मी महाजनच्या चेहऱ्याकडे बघितलं. टोमणा शोधत होतो. डोळ्यांत, ओठांच्या कडेला, कुठेतरी असेल म्हणून नीट बघितलं. तो खरंच आनंदाने माझ्याकडे बघत होता.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, त्यात काय एवढं. महाजन फळीवर चढला आणि पुढच्या घडाला हात घातला.